दोन मुक्या कुंड्या

चिठ्ठी उघडून तिने वाचली, होती तशी घडी घातली आणि मुठीत दाबून धरली. हात मातीने ओले होते, त्यामुळे कागद लगेच मऊ पडला.

"कुणाचं नाव आलं ते सांगायचं नाही हं, वहिनी," आत्या म्हणाली. "चेहऱ्यानेसुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आत्या म्हणजे तिच्या नवऱ्याची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून शिवणकामाचं दुकान चालवायची, दर रविवारी न चुकता यायची, आणि या घरात सगळेच तिला आत्या म्हणत, तिचा सख्खा भाऊसुद्धा. चिठ्ठ्या तिनेच केल्या होत्या, तिनेच ओंजळीत खुळखुळवल्या होत्या आणि तिनेच एकेकाच्या हातात ठेवल्या होत्या. यात काही काळंबेरं असेल असं कुणी बोलून दाखवलं नाही, कारण आत्याचा चेहरा अशा वेळी फारच भोळा व्हायचा.

चिठ्ठीत नाव होतं खारूचं.

खारू, नवऱ्याची पहिल्या लग्नाची मुलगी, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला होती. बारा वर्षांची, सडपातळ, सतत खिशात काहीतरी लपवणारी. म्हणून खारूताई, आणि पुढे नुसतीच खारू. तिनेही आपली चिठ्ठी वाचली होती आणि ती आता खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर पाहण्यासारखं काहीच नव्हतं. आठवडाभर धुकं होतं. थंडी जाता जाता रेंगाळत होती आणि समोरच्या घराचं छप्पर दिसेना झालं होतं.

खेळ तसा सोपा होता. ऋतू पालटला की घरातल्या प्रत्येकाने चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव येईल त्याच्यासाठी फुलाचं एक बी निवडायचं, कुणाला न दाखवता ओल्या मातीत घालायचं आणि लिंबाएवढा गोळा वळायचा. गोळा सावलीत वाळला की तो ज्याचा त्याला द्यायचा. त्याने तो कुंडीत पेरायचा आणि वाट पाहायची. फूल आलं की वही उघडायची, त्या फुलापुढे काय लिहिलंय ते वाचायचं, म्हणजे समोरच्याला काय सांगायचं होतं ते कळायचं. पानांवरून ओळखलं तरी फूल येईपर्यंत बोलायचं नाही, हा नियम. तोंडाने बोलायला जड जाणाऱ्या गोष्टींसाठी या घराने करून ठेवलेली ही सोय होती.

सोय केली होती खारूच्या आईने. ती चार वर्षांपूर्वी गेली. वही तिचीच होती, जाड पुठ्ठ्याची, कडांना मातीचे बोटांचे ठसे असलेली. अक्षर गोल, सुबक, घाई नसलेल्या माणसाचं.

कोठीच्या खोलीत जाऊन एकेकाने बी घेऊन यायचं होतं. तिची पाळी आली तेव्हा तिने दार लोटून घेतलं आणि आधी वहीच उघडली. फळीवर बियांच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली.

सूर्यफूल : माझं लक्ष आहे तुझ्याकडे. त्याखाली पेन्सिलीने, लहान मुलाच्या अक्षरात : परीक्षेच्या वेळी देऊ नये.

झेंडू : पुरे झाले नखरे, जेवायला ये.

तेरडा : चुकलं माझं. त्याखाली नवऱ्याचं वेडंवाकडं अक्षर : रंग तीनच दिवस टिकला तरी चूक कबूल केली असं धरावं.

सदाफुली : माझं बरं चाललंय, काळजी नको.

गोकर्ण : मला धरून ठेव. (ज्याला मिळेल त्याने काठी रोवावी.)

गुलबक्षी : उशीर होईल, पण येईन.

ती बराच वेळ उभी राहिली. तिचं लग्न होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत खारू तिच्याशी कधी उद्धट बोलली नव्हती, कधी रुसली नव्हती, ताटात काही टाकलं नव्हतं. आणि एकदाही तिला हाक मारली नव्हती. काही सांगायचं असलं तर खारू ती असेल त्या खोलीत येई, समोर उभी राही, तिने वर पाहिलं की मगच बोलायला लागे. "तुम्हाला फोन आलाय." "तुमची छत्री दारात राहिलीय." हाकेची गरजच पडू नये अशी तिने व्यवस्था लावून घेतली होती. एवढ्याशा पोरीने एवढे कष्ट घ्यावेत, याचं तिला कधी कौतुक वाटे आणि कधी, विशेषतः संध्याकाळी, रडू येई.

सूर्यफूल देववेना; सावत्र आईचं लक्ष कुणाला हवंय? तेरडा द्यावा तर गुन्हा कुठला कबूल करायचा? गोकर्णाच्या बरणीवर हात गेला आणि परत आला. आठ महिन्यांत बारा वर्षांच्या मुलीकडे एवढं मागणं बरं नव्हे. शेवटी तिने मिऱ्यासारखं काळं, सुरकुतलेलं गुलबक्षीचं बी उचललं. उशीर झाला होताच. पण आली तर होती.

तिच्यानंतर खारू आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"झालंसुद्धा?" आत्याने विचारलं.

"मला आधीच ठरवता येतं," खारू म्हणाली आणि पाठ करून गोळा वळायला बसली.

गोळे खिडकीच्या कठड्यावर, नावाच्या कागदांवर ठेवले. नवऱ्याचा आणि आत्याचा गोळा छोटा होता. चार दिवसांत दोन्ही वाळले. उरलेले दोन मात्र वाळायचं नाव घेईनात. धुकं खिडकीतून आत येऊन बसायचं. पाचव्या दिवशी खारूने वळलेल्या गोळ्याला एक बारीक तडा गेला आणि कडेला पांढरी बुरशी दिसली. त्याखालच्या कागदावर तिचं स्वतःचं नाव होतं. म्हणजे तो गोळा तिच्यासाठी होता. खारूला तिला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते खिडकीत बुरसत होतं.

ती कुंभारकाम करायची. गावाबाहेरच्या रस्त्याला तिची कार्यशाळा होती, एक चाक, एक भट्टी, कपांच्या आणि कुंड्यांच्या फळ्या. वीस वर्षं तिने एकच गोष्ट जाणली होती : कच्च्या मातीचा भरवसा नसतो. ती पाण्याने विरघळते, वाऱ्याने तडकते, नुसत्या नजरेने मोडते. जे टिकवायचं ते आगीजवळ न्यावं लागतं. तिने दोन्ही गोळे रुमालात बांधले, कार्यशाळेत नेले आणि भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवले. खाली कपांचा एक घाणा लागला होता. दिवसभर ती अधूनमधून मान वर करून त्या रुमालाकडे पाहत होती आणि उगाच हसत होती.

संध्याकाळी गोळे टणक झाले होते. नखाने टिचकी मारली तर टण् वाजत.

"एवढे कडक?" खारूने आपला गोळा तळहातावर फिरवला. मग तिची नजर दुसऱ्या गोळ्यावर गेली. "तुम्ही... फोडून नाही ना पाहिलात?"

"नियम आहे ना?"

"हो. आहे." खारूने आपला गोळा मुठीत झाकला. "मी नुसतं विचारलं."

रविवारी गच्चीवर चार कुंड्या मांडल्या. चारही तिच्याच हातच्या, बिनझिलईच्या, तांबूस. आत्याच्या घरी ऊन येत नसे, म्हणून तिचीही कुंडी इथेच. प्रत्येकाने आपापला गोळा पेरला, वर मूठभर माती टाकली, हाताने थोपटली. धुक्यात चौघांचे हातच तेवढे दिसत होते आणि कुणाचा हात कुणाचा हे कळायला क्षणभर वेळ लागत होता. तिला ते फार आवडलं.

पाचव्या दिवशी नवऱ्याच्या कुंडीत हिरवा ठिपका दिसला. नवव्या दिवशी आत्याच्या कुंडीतून एक जाडजूड कोंब टोपी घालून बाहेर आला.

बाकीच्या दोन कुंड्या गप्प होत्या.

ती सकाळी उठून आधी गच्चीवर जायची. जग अजून नीट तयार झालेलं नसायचं. धुक्यातून एखाद्या घराचा कोपरा वर यायचा, पुन्हा आत जायचा. कुठेतरी कुणी सायकलची घंटी वाजवत जाई आणि ती घंटी गच्चीखालून गेली की आकाशातून, ते सांगता येत नसे. ती कुंडीपाशी उकिडवी बसायची. मातीवर पाण्याचे मणी जमलेले असायचे. कधी वाटायचं, आत्ता, या घटकेला आत काहीतरी कूस बदलतंय. ती कान जवळ न्यायची आणि स्वतःलाच हसायची. घोड्याएवढी बाई, कुंडीला कान लावून बसली आहे.

एकदा तिला स्वप्न पडलं. चाकावर एक कुंडी वर येत होती, येतच होती, थांबत नव्हती. तिच्या काठापर्यंत हात पुरेना. आतून कुणीतरी बोलत होतं, सावकाश, गोल अक्षरांत, आणि तिला ऐकू येत होतं पण समजत नव्हतं. जाग आली तेव्हा तिचे तळवे ओले होते.

"अजून काही नाही," ती जेवताना म्हणाली.

"बी आहे ते, बस नव्हे," नवरा म्हणाला. तो शहरातली बस चालवायचा, बहुतेक दुपारची पाळी. "वेळापत्रकाने कसं येईल?"

"तुमची बस तरी कुठे वेळापत्रकाने येते?" रविवारच्या पाहुणीने, म्हणजे आत्याने, तेवढ्यात टोला हाणून घेतला.

तिघं हसली. खारू हसली नाही. अलीकडे ती जेवून लगेच उठायची. तीही गच्चीवर जात असे, हे तिला ठाऊक होतं. जिन्यात छोट्या चपलांचे मातीचे ठसे असत. एका सकाळी तर तिने खारूला पाहिलंही. खारू आपल्या मुक्या कुंडीसमोर उभी होती. मग तिच्या कुंडीसमोर येऊन उभी राहिली. मग पुन्हा आपल्या. दोन्हीकडे पाहून झाल्यावर तिने ओठ घट्ट मिटले, मोठ्या माणसासारखे, आणि न बोलता खाली गेली. त्या दिवसापासून खारू तिच्याशी बोलायची तेही कमी झालं. छत्री दारात राहिली तर दारातच राहू लागली.

तिचं मन थाऱ्यावर राहीना. तिच्या कुंडीत काही आलं नाही ते एक वेळ चालेल. पण खारूच्या कुंडीतही आलं नव्हतं, आणि ती पोर काय समजत असेल? की या बाईला मला सांगण्यासारखं काही सापडलंच नाही?

तिसरा आठवडा सरत आला तेव्हा ती खताचं पोतं आणायला नर्सरीत गेली. नर्सरीवाला म्हातारा होता, कानात काडी फिरवत रोपांशी बोलणारा. तिने सहज विचारावं तसं विचारलं, गुलबक्षीला उगवायला किती दिवस लागतात.

"आठ. फार तर पंधरा. गुलबक्षी उगवत नाही असं होत नाही, बाई. ती नको म्हटलं तरी उगवते."

"आम्ही मातीच्या गोळ्यात घातलं होतं."

"मग काय झालं? चांगलंच की. वाळवला कुठे?"

"दमट हवा होती ना. मी कुंभारकाम करते. भट्टीवरच्या फळीवर ठेवला होता, दिवसभर."

म्हाताऱ्याने कानातली काडी काढली. "तिथे ठेवलेलं मडकं हातात धरवतं?"

तिथली मडकी ती फडक्याने धरून उतरवायची.

"तुम्ही बी भाजलंत, बाई," तो म्हणाला. त्यात रागही नव्हता आणि हसूही. "मडक्यात जीव येतो आगीने. बियांतला जातो."

ती पोत्याला टेकली. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं माणसं सहज म्हणतात. पण तिला दिसत होता तो रुमाल, भट्टीवरचा, आणि दिवसभर त्याच्याकडे पाहून हसणारी ती स्वतः. खारूने पहिल्यांदा तिला काहीतरी सांगितलं होतं. आठ महिन्यांत पहिल्यांदा. ते तिने आपल्या हाताने भाजून टाकलं होतं आणि आता ते काय होतं हे कधीच कळणार नव्हतं.

"एवढं काय त्यात," नर्सरीवाला म्हणाला. "ही घ्या, बोटभर वाढलेली आहेत गुलबक्षीची. कुंडीत लावून टाका. कुणाला कळतंय?"

तिने एक रोप घेतलं. कापडी पिशवीत उभं ठेवलं आणि घरची वाट धरली. धुकं विरत होतं. रस्ता धुऊन वाळत घातल्यासारखा दिसत होता. भिंतींना ऊन लागलं होतं, पण त्याला अजून ऊब नव्हती. खारू शाळेत असेल. माती जरा उकरायची, रोप बसवायचं, वर पुन्हा थोपटायचं. संध्याकाळपर्यंत ते ताठ होईल. खारूच्या कुंडीचं एवढ्यावर भागलं असतं.

पण तिच्या कुंडीत काय लावायचं? झेंडू? सदाफुली? काहीही लावलं तरी ते तिने खारूच्या तोंडी घातलेले शब्द झाले असते. आणि न लावावं तर एकीचं उगवलं आणि एकीचं नाही, म्हणजे पुन्हा खारूच ओशाळणार. वळणावर ती दोनदा थांबली. सांगून टाकावं, हे तिला कळत होतं. आणि सांगितलं की खारू म्हणेल, असू दे. नीट, नम्रपणे, "असू दे, तुम्ही मुद्दाम थोडंच केलंत." आणि मग पुन्हा कधी काही सांगायला येणार नाही. त्याचीच तिला भीती वाटत होती, दुसऱ्या कशाची नाही.

जिना ती चपला काढून चढली. चोरासारखी. पिशवी पदराखाली धरलेली.

गच्चीवर खारू होती.

शाळेचं दप्तर कठड्याला टेकवलेलं होतं. खारू गुडघ्यांवर बसली होती आणि तिचं बोट, दोन पेरं, कुंडीतल्या मातीत रुतलेलं होतं. कुंडी खारूची नव्हती. तिची होती.

खारूने वर पाहिलं. बोट बाहेर आलं, मूठ मिटली, मूठ पाठीमागे गेली.

"शाळा अर्ध्या दिवसाची होती," ती म्हणाली.

"बरं."

"मी नुसतं बघत होते. ओलं आहे की नाही."

"बरं," ती पुन्हा म्हणाली, आणि पिशवी खाली ठेवून खारूसमोर जमिनीवरच बसली. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. "खारू, या कुंड्यांत काही येणार नाही. तुझ्याही आणि माझ्याही. गोळे मी भट्टीवर वाळवले. बी भाजलं. मला कळलं नाही. आज कळलं, नर्सरीत. तू मला जे काही सांगितलं होतंस ते माझ्या हातून गेलं, आणि मी तुला सांगितलं होतं तेही."

खारूच्या चेहऱ्यावर राग येईल, किंवा ती नम्र, थंड समजूत येईल म्हणून ती वाट पाहत राहिली. दोन्ही आलं नाही. खारूची हनुवटी तेवढी हलली.

"म्हणजे माझ्या गोळ्यात बी होतं?" खारूने विचारलं.

"होतं म्हणजे? गुलबक्षी होती."

"ती बाबांची आहे. ते उशिरा येतात म्हणून."

"माहीत आहे. पण उशिरा आलेल्या माणसासाठी तुमच्या वहीत दुसरं फूल आहे का सांग."

खारूने मान खाली घातली. बराच वेळ ती कुंडीच्या काठावरून बोट फिरवत राहिली. काठ गुळगुळीत होता. चाकावर कुंडी घडवताना तिनेच त्यावरून ओलं चामडं तीनदा फिरवलं होतं.

"तुमच्या गोळ्यात नव्हतं," खारू म्हणाली.

"काय नव्हतं?"

"काहीच. नुसती माती होती." आवाज अगदी बारीक झाला. "मला वाटलं तुम्हाला कळलं. तुम्ही नेलेत ना ते दोन्ही, तेव्हा फोडून पाहिलं असेल. आणि म्हणून मग तुम्हीही माझ्या गोळ्यातलं काढून घेतलं. माझ्या कुंडीत आलं नाही तेव्हा मी म्हटलं, बरोबरच आहे. आपणच आधी तसं केलं."

तीन आठवडे. ती कुंडीला कान लावत होती ते तीन आठवडे. रिकाम्या मातीच्या गोळ्याला तिने भट्टीवर ऊब दिली होती. तिला लागलं, लागलं नाही असं म्हणणं खोटं होईल. पण त्याच वेळी समोरची पोर दिसत होती, जी तीन आठवडे रोज जिना चढून येत होती आणि दोन कुंड्यांपुढे उभी राहून स्वतःला शिक्षा सुनावत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण या चोराला चांदण्यात एकटीला उभं राहावं लागलं होतं.

"मी तुझ्या गोळ्याला बुरशी आली म्हणून रडकुंडीला आले होते," ती म्हणाली.

"नुसत्या मातीला?"

"नुसत्या मातीला."

खारूच्या नाकातून हसू निसटलं आणि लगेच दुसऱ्या बाजूने डोळ्यांत पाणी आलं. तिने ते खांद्याला पुसलं, कारण एक हात मातीचा होता आणि दुसऱ्याची मूठ अजून मिटलेली होती.

"पिशवीत काय आहे?" तिने विचारलं.

"गुलबक्षीचं रोप. तुझ्या कुंडीत लावणार होते. चोरून."

खारूने तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या मिटल्या मुठीकडे, मग पुन्हा तिच्याकडे. खाली रस्त्यावरून बस गेली. कठडा किंचित थरथरला.

"ते नियमात बसत नाही," खारू अखेर म्हणाली.

"नाही बसत."

"ते रोप बाबांना देऊन टाकू. आणि गोळे पुन्हा नव्याने करायचे. आत्ता. आत्याला सांगायचं नाही."

"आत्याला सांगायचं नाही. तिने चिठ्ठ्यांत लबाडी केली होती, ते तरी तुला कळलं का?"

"दरवेळी करते," खारू म्हणाली.

खालून मातीची परात आणली. दोन्ही कुंड्या उकरून त्यांतले ते, आता भिजून मऊ पडलेले, गोळे काढले. एकात भाजलेलं बी होतं, एकात काहीच नव्हतं, आणि बाहेरून दोन्ही हुबेहूब सारखे होते. खारूने ते कठड्यावर शेजारी शेजारी ठेवले. मग ती पाठ करून बसली. तिचं बी मघापासून मुठीतच होतं; कोठीत जायची तिला गरज पडली नाही. आपलं बी आणायला, खारूला तिथेच सोडून, ती एकटीच खाली जाऊन आली, बरणीशी फार वेळ न घालवता. काय द्यायचं ते आता तिला नक्की ठाऊक होतं. परत आली तेव्हा खारूचा गोळा वळून झाला होता आणि ती तो दोन्ही तळहातांत फिरवतच होती, अजून, अजून, पुरेसा गोल झाला तरी.

"फार दाबू नको," ती म्हणाली. "आतल्याला श्वास घेता आला पाहिजे."

"कुंभारीण सांगतेय," खारू म्हणाली.

गोळे सावलीत ठेवले, टाकीच्या मागे, वारा लागेल असे. धुकं पार गेलं होतं. घरं आपापल्या जागी होती आणि इतकी स्पष्ट, की कुणीतरी नुकतीच आणून मांडल्यासारखी. खारूने नळावर हात धुतले, दप्तर उचललं आणि जिन्याकडे निघाली. चार पायऱ्या उतरून ती थांबली. तिचं फक्त डोकं दिसत होतं.

"ऐक ना," ती म्हणाली. "तुझ्या कुंडीत एक काठी रोवून ठेव. आत्ताच. रोप आल्यावर रोवली की मुळं दुखावतात."

आणि पायऱ्या धडाधड उतरून ती गेली.

वहीत काठीचं एकाच फुलापुढे लिहिलेलं होतं. मग तिने गच्चीभर पाहिलं. काठी कुठेच नव्हती. कोपऱ्यात जळमटं काढायचा लांब झाडू उभा होता. तिने त्याचा कुंचा पायाखाली धरून दांडा ओढून काढला, कुंडीत मधोमध उभा केला आणि तळाला टेकेपर्यंत दाबला. हलवून पाहिला. मग दोन्ही हातांनी पुन्हा एकदा दाबला.